मुख्य रस्त्याला न लागता



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते निवृत्त होईपर्यंत सायकलवर शाळेत गेले हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे विषय जाहीर झाल्यावर काहींना वाटलं असेल की आज सायकलचं गुणगान ऐकायला मिळणार: पेट्रोल वाचतं, गुडघे शाबूत राहतात, हवा स्वच्छ राहते. सगळं खरं आहे, पण तेवढ्यासाठी तुम्हाला तासभर बसवून ठेवायचं कारण नाही. मी आयुष्यभर स्थापत्य शिकवलं, तेव्हा मी बोलणार रस्त्याबद्दल. आपल्या दोन्ही शहरांच्या कडेनं गेल्या तीस-चाळीस वर्षांत उपनगरं पसरत गेली. त्यांचे रस्ते आखताना आपण सायकलवाल्याला कुठे ठेवलं, एवढाच आजचा प्रश्न.

'आपल्या दोन्ही शहरांच्या' असं म्हणायला आधार आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा बराच भाग मुळात एकाच जिल्ह्यातला. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. सायकलचा इतिहासही दोघांचा सामाईक. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिकवत होते तेव्हाच बेळगावात भावाच्या जोडीनं त्यांनी सायकलींचं दुकान काढलं. सायकल विकायची आणि घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. पुढे नांगराचा कारखाना आला, बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे तिथली जागा सोडावी लागली, आणि १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयानं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. नंतर १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि साताऱ्यात 'प्रिया' स्कूटर तयार होऊ लागली. सायकलीच्या दुकानातून आपल्या भागातली कारखानदारी जन्माला आली आणि त्याच भागातल्या दुसऱ्या कारखान्यानं मध्यमवर्गाला सायकलवरून उतरवलं. यात कुणाचा दोष नाही. सातारचा चढ रोज चढणाऱ्याला प्रिया हवीशी वाटली असणारच.

तासाच्या भाड्याची सायकल, हाफ पायडल, दिवा नाही म्हणून चाकातली हवा सोडणारा हवालदार, या आठवणींवर आपल्याकडे भरपूर लिहून झालं आहे. मी त्यात भर घालत नाही. त्या आठवणींत एक तांत्रिक गोष्ट मात्र आहे. रस्ते तेव्हा अरुंद होते, खड्डे होते, दिवे नव्हते, तरी आईवडील दहा वर्षांच्या पोराला सायकल घेऊन पिटाळत. कारण रस्त्यावरच्या वेगांत फार तफावत नव्हती. बैलगाडी, सायकल, टांगा आणि अधूनमधून धापा टाकत येणारी एसटी. अपघातात माणूस मरतो तो मुख्यतः वेगांतल्या तफावतीनं. सायकल आजही ताशी पंधराच्या आसपासच चालते. बाकी सगळ्यांचा वेग वाढला.

आज सायकल चालवतो कोण? आपल्या डोळ्यांत भरतात ते रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणारे गिअरवाले. त्यांच्याकडे हेल्मेट आहे, मागे लुकलुकणारा लाल दिवा आहे, आणि काही झालं तर वर्तमानपत्रात बातमी येते. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण सायकल चालवणाऱ्यांत ते थोडे. बाकीचे म्हणजे आठवी ते बारावीची मुलं-मुली, एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे कामगार, रात्रपाळीचे वॉचमन, बांधकामावरचे गवंडी आणि बिगारी, कॅरिअरला कॅन लावून दूध घालणारे. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकी देशात सुमारे १३ टक्के लोकांनी 'सायकलनं जातो' असं सांगितलं होतं. स्कूटर-मोटारसायकलवर जाणारेही जवळपास तेवढेच होते. जागतिक सायकल दिनाच्या फेरीत पांढरे टी-शर्ट घालून निघालेले अधिकारी मी पाहिले आहेत. फेरीसाठी त्या दिवशी वाहतूक अडवलेली असते. दूधवाल्यासाठी कुणी अडवत नाही.

आता मृत्यूंचे आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली. महाराष्ट्रात १५ हजारांवर. देशातल्या मृतांत सायकलस्वार साधारण ३ टक्के, पादचारी १९-२० टक्के, दुचाकीवरचे जवळजवळ ४५ टक्के. हे वाचून एखादा अभियंता म्हणेल, सायकलचा प्रश्न तीन टक्क्यांचा आहे, आधी मोठं बघू. इथे आकडा फसवतो. ज्या रस्त्यावर जायची भीती वाटते त्या रस्त्यावरून सायकल नाहीशी होते, आणि मग तिथे सायकलस्वार मरत नाही. तोच मुलगा सोळाव्या वर्षी, कधी चौदाव्या, काकाची मोटारसायकल घेऊन त्याच रस्त्यावर उतरतो आणि दुसऱ्या रकान्यात मोजला जातो.

दुसरी फसगत 'ब्लॅक स्पॉट'च्या व्याख्येत आहे. महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच प्राणांतिक किंवा गंभीर अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, की तो टप्पा ब्लॅक स्पॉट ठरतो आणि दुरुस्तीला पैसे मिळतात. चुकीच्या वळणाला, फसलेल्या चौकाला ही व्याख्या बरोबर लागू पडते. उपनगरातल्या रस्त्यावर मात्र मृत्यू एका जागी गोळा होत नाहीत. एक या कॉलनीच्या तोंडाशी, दुसरा दीड किलोमीटरवर मंगल कार्यालयापाशी, तिसरा पुढच्या वर्षी पेट्रोल पंपासमोर. सगळा रस्ताच दोषी, पण कुठलेही ५०० मीटर घेतले तरी ते निर्दोष सुटतात.

हे रस्ते असे का झाले, हे बघायला शहरं कशी पसरली ते बघावं लागतं. जुनं सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठांनी वसवलेलं. वरचा रस्ता, खालचा रस्ता आणि त्यांना जोडणारे उभे बोळ. चालणाऱ्याला एकाच ठिकाणी जायला चार वाटा. पुढे शहर उताराला लागलं: गोडोली, करंजे, शाहूपुरी, विलासपूर, कोडोली, खेड. यांतली काही उपनगरं २०२० च्या हद्दवाढीनं नगरपालिकेत आली. सांगलीत कारण निराळं. कृष्णेच्या पुरानं, विशेषतः २००५ नंतर आणि २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेल्यावर, ज्याला जमेल तो नदीपासून लांब, विश्रामबाग-कुपवाडच्या बाजूला सरकला. ज्याला बिनशेती प्लॉट परवडला नाही त्यानं गुंठ्यानं घेतला. शेतकऱ्यानं शेताचे तुकडे पाडले, मधे बैलगाडीपुरती वाट सोडली, झालं नगर. शामरावनगरसारख्या वस्त्या अशाच उभ्या राहिल्या. सरकारनं २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून अशी बांधकामं नियमित करायची सोय केली आणि पुढे मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत आणली. घरं नियमित झाली. वाटा जशा होत्या तशाच राहिल्या.

दोन्हीकडे निष्पन्न एकच. प्रत्येक कॉलनी, प्रत्येक गुंठेवारी, प्रत्येक लेआउट मुख्य रस्त्याला एका तोंडानं जोडलेला आणि शेजारच्याला कुठेही न जोडलेला. मधे कंपाउंडची भिंत, ओढा, किंवा रेल्वेलाइन. शेजारच्या कॉलनीतल्या शाळेचं छप्पर गच्चीवरून दिसतं, पण तिथे जायला मुलीनं आधी मुख्य रस्त्यावर यायचं, दीड किलोमीटर ट्रक-डंपरांच्या सोबतीनं जायचं आणि पुन्हा आत वळायचं. हा मुख्य रस्ता पूर्वी दोन गावांना जोडणारा जिल्हामार्ग होता. आता तो जिल्हामार्गही आहे आणि कॉलनीचं अंगणही. त्यावरून कोल्हापूरची गाडीही धावते आणि त्याच्याच कडेला भाजीवाला बसतो. रस्त्यानं एकतर लांबचं न्यावं किंवा दारात थांबावं. दोन्ही कामं एकाच पट्ट्यावर लादली की मधला माणूस चिरडतो. नेदरलँडमधल्या अभियंत्यांनी नव्वदच्या दशकात आपलं सगळं रस्ते-धोरण याच भेदावर उभं केलं. त्याआधी १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली होती, त्यांत चारशेवर मुलं होती, आणि आईबाप रस्त्यावर उतरले होते. सायकल त्यांच्या रक्तात आहे वगैरे आपण म्हणतो. साठच्या दशकात तेही मोटारीसाठीच रस्ते रुंद करत होते.

सांगली-मिरज रस्ता या दुहेरी कामाचा ठळक नमुना. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची १९९८ साली एक महानगरपालिका झाली. तीन गावं एक झाल्यावर त्यांना जोडणारे रस्ते गावाबाहेरचे उरले नाहीत. पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, वानलेसवाडी, मिरजेचा गांधी चौक. या पट्ट्यात महाविद्यालयं, रुग्णालयं, हळदीची बाजारपेठ, सगळं आलं. जमीन सपाट; सायकलला यापेक्षा सोयीचा भूभाग पश्चिम महाराष्ट्रात शोधावा लागेल. १९०७ पासून मिरज-सांगली अशी छोटी रेल्वेही इथे धावत असे. सांगलीतला स्टेशन चौक हे तिच्याच स्टेशनाचं उरलेलं नाव. पुढे रूळ गेले. दुसऱ्या देशांत अशा सोडलेल्या रेल्वेमार्गांचे सायकलमार्ग झाले आहेत. आपल्याकडे तेव्हा सायकलीच इतक्या होत्या की त्यांना वेगळी वाट हवी हे सुचायचं कारण नव्हतं.

कायदा या रस्त्याकडे कसा बघतो? केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल ताशी ७० किलोमीटर आणि दुचाकीला ६० ची मुभा आहे. स्थानिक पातळीवर ती कमी करता येते, पण कुणी केली नाही तर ७०. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक रस्ते सुरक्षा परिषदेनं म्हटलं की जिथे चालणारे, सायकलवाले आणि वाहनं एकत्र येतात तिथे ३० च्या वर वेग नको. सत्तर आणि तीस यांत किती अंतर आहे ते थोडं गणितानं बघू. ताशी ३० नं जाणारा चालक समोर मूल दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत, कोरड्या रस्त्यावर, साधारण १७-१८ मीटर जातो. ६० नं जाणारा ४५ मीटर. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ नियम असा की सरासरी वेग १ टक्का वाढला की प्राणांतिक अपघाताचा धोका ४ टक्के वाढतो. या वेगानं आपण कमावतो काय? चार किलोमीटरच्या पट्ट्यात ६० ऐवजी ३० नं गेलं तर चार मिनिटं जास्त लागतात, तीही मधे एकही चौक लागला नाही तर.

पाटी लावून वेग कमी होत नाही. रस्ता सरळ, रुंद आणि गुळगुळीत दिसला की पाय आपोआप दाबला जातो. पाटी कुणी वाचत नाही. म्हणून मग गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी पंचविसानं विनाधक्का जाते. आपल्याकडे एका रात्रीत डांबराचा जो अरुंद उंचवटा उभा राहतो तो ट्रकला जाणवत नाही आणि सायकलवाल्याचं चाक मात्र वाकवतो. शिवाय तो चुकवायला मोटारसायकल डाव्या कडेच्या फटीतून जाते. ती फट सायकलवाल्याची.

साइडपट्टीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण आपल्या जिल्ह्यांत सायकलमार्ग म्हणून जे काही आहे ते हेच. डांबराचा प्रत्येक नवा थर रस्ता चार-पाच सेंटिमीटर उचलतो. मुरमाची साइडपट्टी त्या प्रमाणात भरायची असते. ती कामाच्या शेवटी येते आणि पैसे कमी पडले की बहुधा तिलाच कात्री लागते. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि कडा खचते. तीन थरांनंतर डांबर आणि माती यांत वीतभर पायरी तयार होते. मागून हॉर्न वाजला की सायकलवाला खाली उतरतो. गाडी गेली की वर यायला बघतो. पायरी आडवी असती तर चाक उडी मारून चढलं असतं. ती असते चाकाला समांतर. पुढचं चाक कडेला घासतं, हँडल फिरत नाही, आणि माणूस पडतो तो उजवीकडे, म्हणजे रस्त्यावर, म्हणजे मागच्या गाडीपुढे. पंचनाम्यात लिहितात, 'सायकलस्वाराचा तोल गेला.' गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर बसवल्या की हेच होतं. त्या आडव्या बसवायला एक रुपया जास्त लागत नाही.

याच रस्त्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊस असतो. शेंद्र्याचा अजिंक्यतारा, सांगलीतला वसंतदादा, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा. गाळप सुरू झालं की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर लागलाच तर चिखलानं माखलेला, हे आपण दरवर्षी बोलतो. वळणाबद्दल कुणी बोलत नाही. ट्रॅक्टर डावीकडे वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतून कापतात. पहिली ट्रॉली थोडी आत येते, दुसरी आणखी आत. त्याच वेळी नियम पाळून डाव्या कडेनं चाललेला मुलगा ट्रॉलीच्या बाजूला असतो. ड्रायव्हर सुटला पुढे. दुसरी ट्रॉली मुलाला कोपऱ्यात घेते. यावर उपाय रस्त्याच्या आखणीत आहे. चौकाच्या कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवली की वाहन वेगानं वळतं, लहान केली की थांबून वळतं. सिग्नलला सायकलींची थांबरेषा मोटारींच्या दोन-तीन मीटर पुढे आखली की हिरवा होताना सायकलवाला ड्रायव्हरच्या नजरेसमोर असतो. आणि कारखान्याला कुठल्या गटातला ऊस कुठल्या दिवशी येणार हे ठाऊक असतं; शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी वस्तीतून ट्रॉल्या नेऊ नयेत एवढं वाहतुकीच्या करारात घालायला कुठला नवा कायदा लागतो?

तुम्ही म्हणाल, मग सरळ सायकल ट्रॅक करा ना. करावा. तसं लिहूनही ठेवलेलं आहे, आणि तेही आजचं नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ साली सायकल ट्रॅकची संहिता काढली. त्यात म्हटलं होतं की मोटारवाहनं तासाला दोनशेच्या वर असतील तर गर्दीच्या तासाला अवघ्या शंभर सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक समर्थनीय आहे. दोनशे वाहनं! आपल्या कुठल्याही उपनगरी रस्त्यावर सकाळी चहा संपायच्या आत तेवढी जातात. साठ वर्षं ही संहिता कपाटात आहे. मी तिच्यावर परीक्षेत प्रश्न काढत असे आणि मुलं ती पाठ करून पास होत असत.

पण सगळी भिस्त ट्रॅकवर ठेवायला माझं मन धजत नाही. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर असा बीआरटीचा पहिला मार्ग निघाला. आपण पुण्याला शिरतो तोच सातारा रस्ता. त्याच्या कडेनं सायकल ट्रॅकही बांधले. त्यांवर पुढे गाड्या लागल्या, टपऱ्या आल्या, मधेच खांब, मधेच झाड, आणि प्रत्येक चौकाच्या अलीकडे ट्रॅक संपायचा. चौकात सगळ्यांत जास्त धोका, तिथेच सायकलवाल्याला सोडून द्यायचं. पुण्यानं २०१७ साली सायकल आराखडाही मंजूर केला, भाड्याच्या सायकली रंगीबेरंगी कंपन्यांनी आणल्या आणि दोनेक वर्षांत बऱ्याचशा नाहीशा झाल्या. तिकडे एवढी तज्ज्ञ मंडळी असून असं झालं, तर सातारा-सांगलीत मुख्य रस्त्याच्या कडेला लाल पट्टा रंगवून ती वाहनतळाची सोय होईल. कडेला उंच दगड आणि चौकातून पलीकडे जाणारी सलग वाट नसेल तर रंगाचा डबा वाचवावा.

माझा मुद्दा वेगळा आहे. उपनगरातल्या मुलीला शाळेत जाताना मुख्य रस्त्याला लागायचीच वेळ का यावी?

गुंठेवारीतल्या अरुंद वाटा आपण मागासपणाची खूण समजतो. नगरसेवकाकडे पहिली मागणी रुंदीकरणाची. मला त्या वाटा म्हणजे ठेवा वाटतात. पंधरा-वीस फुटांच्या बोळात कुणी साठानं जाऊ शकत नाही. घरांची दारं वाटेवर उघडतात, ओट्यावर बायका बसलेल्या असतात, कुत्री आडवी असतात. म्हणजे वेगनियंत्रण आयतं आहे. उणीव एवढीच की वाट पुढे जात नाही. ती पुढे न्यायची. दोन लेआउटमधल्या भिंतीला दीड मीटरचं दार. लेआउटमध्ये कायद्यानं सोडायची दहा टक्के खुली जागा बहुधा मागच्या कोपऱ्यात ओढ्याला लागून असते आणि तिला कुंपण असतं. त्या जागेतून वाट. आणि ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल.

साकव हा शब्द कोकणात आणि आपल्या डोंगरी भागात अजून चालतो. जिल्हा नियोजनातून दरवर्षी गावोगाव साकव मंजूर होतात. शहरात तो कुणाला आठवत नाही. सातारा तर अजिंक्यतारा आणि यवतेश्वराच्या उतारावरून येणाऱ्या ओढ्यांनी चिरलेलं आहे. मोळाचा ओढा हे एका चौकाचंच नाव आहे. सांगलीत नाले आहेत, शेरीनाल्यापासून पुढे. प्रत्येक ओढा दोन वस्त्यांमधली तटबंदी झाला आहे. तीन मीटर रुंद साकव, दोन्ही टोकांना मोटार अडेल असे खांब, एक दिवा. मोटारसायकली त्यावरून जातील का? जातील. जाऊ द्याव्यात. तिथे त्या हळूच जातात. शिवाय २५ च्या आतल्या वेगाच्या, बिनलायसनच्या विजेच्या गाड्या आता घरोघर येत आहेत. त्यांनाही हीच वाट सुरक्षित आहे. एक हरकत मात्र गंभीर आहे. मागच्या वाटा सुनसान असतात आणि मुलींना तिथून जायला नको वाटतं. म्हणून वाट भिंतींच्या मागून काढायची नाही, घरांच्या पुढून काढायची. जिथे ओट्यावर माणूस बसतो तिथून. मुलीच्या सायकलला किती वजन आहे ते बिहारनं दाखवलंय. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांना दिसलं की माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. आपणही अनेक तालुक्यांत मुलींना सायकली वाटतो. वाटप समारंभाला मांडव असतो, सायकल घेऊन ती घरी कुठल्या रस्त्यानं जाणार हे कुणी विचारत नाही.

मुख्य रस्ता काही ठिकाणी टळत नाही. तिथे रुंदीचा हिशोब मांडावा लागतो. १८ मीटरचा विकास योजनेतला रस्ता घ्या. येण्या-जाण्याला तीन-तीन मीटरच्या दोन मार्गिका म्हणजे ६. दोन बाजूंना दोन-दोन मीटरचे सायकल ट्रॅक म्हणजे ४. फूटपाथ ४. उरलेल्या ४ मध्ये झाडं आणि थोडं पार्किंग. सगळं बसतं. आपण काय करतो? भिंतीपासून भिंतीपर्यंत डांबर ओततो आणि त्याला विकास म्हणतो. साताऱ्यात चढ आहे, म्हणून तिथे हिशोब थोडा वेगळा. चढावर सायकल डुलते, तिला जास्त जागा लागते. उतारावर ती मोटारीच्या बरोबरीनं जाते. रुंदी अपुरी असेल तर ट्रॅक फक्त चढाच्या बाजूला द्यावा. पोवई नाक्यावर भुयारी मार्गांचा ग्रेड सेपरेटर झाला आणि वाहनांचा मोठा लोंढा खाली गेला. वरच्या पृष्ठभागावर चालणाऱ्यांना आणि सायकलींना अग्रक्रम देऊन तो चौक नव्यानं आखायची ती उत्तम संधी होती. अजूनही आहे.

महामार्गाचं दुखणं स्वतंत्र. पुणे-कोल्हापूर महामार्ग साताऱ्याला पूर्वेकडून कापतो. शहर एकीकडे, रेल्वे स्टेशन आणि कोरेगावचा रस्ता दुसरीकडे. बॉम्बे रेस्टॉरंट चौक, वाढे फाटा अशा मोजक्याच ठिकाणी ओलांडता येतं. ज्याला जिथे ओलांडायचंय तिथे भुयारी मार्ग नाही, म्हणून कामगार सेवा रस्त्यावरून उलट्या बाजूनं येतो. त्याला बेशिस्त म्हणणं सोपं आहे. पहाटेच्या पाळीला सायकलवर निघालेल्या माणसाला दीड-दोन किलोमीटरचा वळसा घ्यायला लावणारी आखणी बेशिस्त नाही का? शेंद्रे ते कागल सहापदरीकरणासारख्या कामात मोऱ्या आणि भुयारी मार्ग ठरवताना ही मोजणी व्हायला हवी: कुठून किती माणसं, कुठल्या वेळी, कशी पलीकडे जातात. वाहनं मोजायला कॅमेरे लावतात, चालणारी माणसं मोजायला कुणी बसत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या आखणीत, बांधणीत किंवा देखभालीत ठरलेली मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम क्षुल्लक आहे, तरी पहिल्यांदाच कायद्यानं मान्य केलं की अपघातात आरोपी रस्ताही असू शकतो. त्या कलमाचा उपयोग व्हायचा तर पंचनाम्यात साइडपट्टीची उंची, जाळीची दिशा, दिव्याचं अंतर लिहिलं गेलं पाहिजे. पोलिसाच्या खिशात टेप असतोच. ब्रेकच्या खुणा तो मोजतो. आणखी दोन मापं घ्यायला पाच मिनिटं पुरतात.

विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की नगररचना अधिनियमाप्रमाणे ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवतात. आपण तेव्हा काय बघतो? आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का. ते बघावंच. त्यानंतर नकाशावर आपल्या मुलाची शाळा शोधावी, घर शोधावं आणि पेन्सिलीनं मुख्य रस्त्याला न लागता दोन्ही जोडता येतात का ते बघावं. बहुधा एक भिंत किंवा एक ओढा आडवा येईल. हरकत साध्या कागदावर चालते. तीत गट नंबर लिहावा, ओढ्याचं नाव लिहावं, साकव कुठे हवा ते नकाशाच्या झेरॉक्सवर दाखवावं, शेजारच्या दहा घरांच्या सह्या घ्याव्यात. आणि आवक-जावकच्या खिडकीवरून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नये.